पाच हजारांचा साउंडबार: वॅट मोजू नका, शब्द मोजा

ज्यांनी हा भाग इअरफोन लावून ऐकलाय त्यांना पुन्हा एकदा नमस्कार. आणि ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे लूमच्या खटखटीत बसलेत आणि ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतंय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं जे "हां, तर", "म्हणजे बघा ना" चालू असतं ते बरंचसं कापलंय. मुद्दे तेच आहेत.

हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा: "भाई, पाच हजारांच्या आत टीव्हीला कोणता साउंडबार घेऊ?" विचारणारे बहुतेक आपल्याच वयाचे. दिवाळीचा बोनस आलाय किंवा पहिली नोकरी लागलीय, आणि घरासाठी काहीतरी घ्यायचंय. पण मेसेजचं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं असतं: "पप्पांना टीव्हीवर काय बोलतात ते कळत नाही. आवाज चाळीसवर नेतात, मग आई चिडते."

आता हा प्रश्न दिसतो एक, पण आहेत दोन. टीव्हीचा आवाज खराब आहे का, हा पहिला. आणि ऐकणाऱ्याचे कान थकलेत का, हा दुसरा. यंत्रमागाच्या आपल्या गावात हे दोन्ही बऱ्याच घरांत एकत्र नांदतात. म्हणून आज मी "हा मॉडेल घ्या" असं सांगणार नाहीये. मॉडेल सहा महिन्यांत बदलतात. बार पारखायचा कसा, आणि कधी घ्यायचाच नाही, ते सांगतो.

टीव्हीचा आवाज एवढा पातळ का?

जुना डबा टीव्ही आठवतोय? पोट सुटलेला, पण स्पीकर समोर, तुमच्या तोंडाकडे. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट. समोर फक्त स्क्रीन, त्यामुळे स्पीकर गेले खाली किंवा मागे. आवाज आधी टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो.

यात नुकसान होतं ते बारीक, टोकदार आवाजांचं. जाड आवाज, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा, वळून-वाकून कुठूनही पोचतो. बारीक आवाज मात्र टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. टॉर्च जमिनीकडे धरली तर समोरच्याच्या तोंडावर उजेड कितीसा पडणार? तसंच.

म्हणून साधा बारसुद्धा फरक पाडू शकतो. त्यात जादू काही नाही, त्याचे स्पीकर तुमच्याकडे तोंड करून बसलेले असतात एवढंच. यावरून पहिला नियम: दुकानात बार हातात घेऊन बघा, स्पीकर खरंच समोरच्या जाळीमागे आहेत ना. आणि घरी आणल्यावर तो शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका. कडेला, मोकळा, कानांच्या दिशेने ठेवा.

खोक्यावरचे वॅट आणि अडॅप्टरवरचे वॅट

नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर "पीएमपीओ" म्हणून हजारांतले आकडे असायचे. तो रोग गेला नाही, फक्त कपडे बदलून आलाय. दोन वितीचा बार आणि वर ठळक अक्षरांत १२० वॅट.

खरं काय ते कळायला अभियंता असायची गरज नाही. बारबरोबर अडॅप्टर येतो, त्यावर बारीक अक्षरांत "आउटपुट" लिहिलेलं असतं. समजा १८ व्होल्ट, २ अँपिअर. दोघांचा गुणाकार करा: ३६ वॅट. म्हणजे भिंतीतून बारला सलग एवढीच वीज मिळू शकते. बारमधला अँप्लिफायर चांगला असला तरी थोडी वीज उष्णतेत जाणारच, म्हणून सलग आवाजाला तीसेक वॅट धरा. ढोलाच्या एका ठोक्यापुरती आत साठवलेली वीज वापरून तो क्षणभर जास्त देऊ शकतो, पण तासभर १२० वॅट? ते पाणी टाकीत नाहीच, तर नळाला कुठून येणार? ज्या बारला अडॅप्टर नसतो, वायर थेट बोर्डात जाते, त्याच्या मागच्या लेबलवर वीजवापर लिहिलेला असतो. तो बघा.

अडॅप्टर हातात आहेच तर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासा. हा बार तुमच्या घरात बोर्डाला बारा-बारा तास लागलेला असणार आहे.

आता मजा ऐका. वॅट खरे असले तरी त्यांचा परिणाम वाटतो तेवढा नसतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. म्हणून ६० वॅटचा घेऊ की ८० चा, यावर डोकं खाऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीपासून सहा-सात फुटांवर बसणाऱ्या घराला दोन्ही पुरून उरतात.

शब्द नेमका कुठे राहतो?

हा आजच्या भागाचा गाभा आहे, इथे जरा सावकाश वाचा.

आपण बोलतो तेव्हा अ, आ, ओ हे स्वर आवाजाला ताकद देतात. त्यांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते. पण अर्थ ठरवतात व्यंजनं: स, श, त, थ, फ, क, ख. ती हलकी असतात आणि त्यांची ओळख पटवणारा बराचसा भाग २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. "सात" आणि "साठ", "ताप" आणि "थाप", "फार" आणि "पार" यांतला फरक म्हणजे हवेचा एक छोटा झोत. तो हरवला की आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही.

आता लूमच्या शेडमध्ये या. धोटा एका बाजूने मारला जातो, दुसऱ्या बाजूला आपटतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे कितीतरी माग एका पत्र्याखाली. आतला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. मागावरची पाळी मात्र बरेचदा १२ तासांची असते.

वर्षानुवर्षं असा आवाज ऐकून कानातल्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. गंमत म्हणा की दुर्दैव, पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात! म्हणून ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं मागावर काढली त्याला तुम्ही मारलेली हाक ऐकू येते, दाराची कडी ऐकू येते, पण बातम्या देणारी बाई काय म्हणाली ते कळत नाही. घरचे म्हणतात, "ह्यांना हवं तेवढंच ऐकू येतं." तसं नसतं. त्यांना स्वर येतात, व्यंजनं येत नाहीत.

आणि आवाज वाढवला की काय होतं? स्वर अजून दणकट होतात, व्यंजनं तरीही मागेच. वर जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणूनच असा माणूस एकीकडे म्हणतो "मोठ्याने बोल" आणि दुसऱ्या क्षणाला म्हणतो "ओरडतोस कशाला?"

आता बघा, स्वस्त बारची जाहिरात कशावर असते? बासवर. "घर हादरेल." ज्या घराला व्यंजनं हवीत त्याला आपण धडधड विकत आणून देतो. म्हणून दुसरा नियम: बारमध्ये "व्हॉइस", "न्यूज" किंवा "डायलॉग" असा मोड आहे का, आणि बास-ट्रेबल वेगवेगळं कमी-जास्त करता येतं का, ते आधी विचारा. बास दोन घरं खाली, ट्रेबल दोन घरं वर. पप्पांसाठी एवढी सेटिंग कितीतरी वॅटांपेक्षा जास्त काम करते.

वायर कोणती लावणार?

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची जी भोकं असतात त्यांतल्या एकावर "एआरसी" लिहिलंय का बघा. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे. ही वायर लावली आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो, आणि टीव्हीबरोबर बारही चालू-बंद होतो. ज्या घरात आजी रिमोट चालवते तिथे ही चैन नाही, गरज आहे.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल. आवाज उत्तम येतो, पण बहुतेक टीव्हींवर आवाज बारच्या वेगळ्या रिमोटने कमी करावा लागतो. तेही नसेल तर साधी ऑक्स वायर. तीही चालते, लाज वाटून घेऊ नका.

ब्लूटूथ शेवटचा पर्याय. त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत म्हटलंय की आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. साधं ब्लूटूथ सहज त्या हद्दीच्या आसपास किंवा पुढे जातं. गाण्याला चालेल. पण ज्याला कमी ऐकू येतं तो नकळत ओठ वाचत असतो. ओठ आणि आवाज सुटे झाले की त्याचा उरलासुरला आधारही जातो.

आधी फुकटात काय होतं ते बघा

पैसे खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ या चार गोष्टींना द्या.

एक, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये "सराउंड", "स्टेडियम" वगैरे बंद करा आणि "क्लिअर व्हॉइस" किंवा "स्पीच" सापडलं तर चालू करा.

दोन, ओटीटीवर सिनेमा लावताना ऑडिओत ५.१ आणि स्टिरिओ असे दोन पर्याय दिसले तर स्टिरिओ निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. दोन स्पीकरच्या टीव्हीवर ते एकत्र करताना बरेचदा संवाद दबतात आणि पार्श्वसंगीत डोक्यावर बसतं.

तीन, फ्री डिश किंवा केबलच्या सेटटॉप बॉक्सला स्वतःचा आवाज असतो. तो कमी ठेवून टीव्ही फुल्ल केला की खरखर वाढते. बॉक्स जवळपास पूर्ण, आणि मग कमी-जास्त टीव्हीवर.

चार, खुर्ची पुढे ओढा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. खोलीत भिंतींमुळे थोडे कमी, पण मिळतात. शिवाय ओठही नीट दिसतात. एवढ्यावर भागलं तर पाच हजार वाचले, वडापाव माझ्यातर्फे नाही, तुमच्यातर्फे.

घरीच घ्यायची परीक्षा

भागलं नाही? मग बार आणा, पण पारख दुकानात करू नका. दुकानात बार कट्ट्यावर वाजतो, बासचं गाणं लावलेलं असतं आणि आवाज फुल्ल. तुमच्या घरात पंखा आहे, कुकरची शिट्टी आहे, गल्लीपलीकडे लूम आहेत. परीक्षा तिथेच व्हायला हवी.

ऑनलाइन मागवत असाल तर "रिटर्न" आणि "रिप्लेसमेंट" यांतला फरक आधी वाचा. रिप्लेसमेंटमध्ये तोच बार पुन्हा येतो, पैसे नाही. आणि खोकं फोडताना व्हिडिओ काढा. मानकोली, काल्हेर, पडघ्याच्या गोदामांत आपलीच पोरं पॅकिंगला असतात, खोकी किती हात बदलतात ते त्यांना विचारा.

आता परीक्षा. घरातल्या कोणाच्या तरी आवाजात फोनवर वीस शब्द रेकॉर्ड करा, जोड्यांतले पण उलटसुलट क्रमाने: सात, थाप, पार, साठ, पाट, फार, ताप, पाठ, काल, खाल, शाळा, चाळा, वीस, तीस असे. दोन शब्दांत तीन सेकंद जागा ठेवा. ज्यांच्यासाठी बार घेताय त्यांना नेहमीच्या जागी बसवा. रेकॉर्डिंग आधी टीव्हीच्या स्पीकरवर लावा. ते ऐकून जो शब्द कळेल तो मोठ्याने म्हणतील, तुम्ही टिक करा. मग क्रम बदललेलं दुसरं रेकॉर्डिंग बारवर लावा.

एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर सगळी परीक्षा वाया: दोन्ही वेळा आवाज सारखा हवा. मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो, ही कानाची सवय आहे आणि दुकानदाराला ती पाठ आहे. फोनवर साउंड मीटरचं ॲप घ्या, बसण्याच्या जागी धरा आणि दोन्हीकडे आकडा जुळवा. ॲपचा आकडा अचूक नसेल, पण तुलनेला पुरतो.

समजा टीव्हीवर अकरा शब्द बरोबर आले आणि बारवर सतरा. बार पास, ठेवून घ्या. अकरा आणि बारा आले तर? बास कमी करून, व्हॉइस मोड लावून पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर बार परत पाठवा आणि पुढचा भाग नीट वाचा.

हीच परीक्षा एकदा लूम चालू असताना आणि एकदा रात्री सगळं शांत झाल्यावर घ्या. शेवटी एक गावठी चाचणी: बोर्डाचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. वीज आल्यावर बार आपणहून टीव्हीच्या इनपुटवर येतो, की ब्लूटूथवर जाऊन "पेअरिंग"ची शीळ घालत बसतो? दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या घरात हा त्रास रोजचा असतो.

सबवूफर घ्यायचा का?

चाळीत किंवा एकाला एक भिंत लागून असलेल्या घरात राहत असाल तर माझं उत्तर नाही. जाड आवाज भिंतीतून आरपार जातो. आणि आपल्याकडे भिंतीपलीकडे दुपारी दोन वाजता कोण झोपलेलं असतं? रात्रपाळी करून आलेला मागावरचा कामगार. बारा तास खटखट ऐकून आलेल्या माणसाच्या उशीखाली तुमचा सबवूफर नको.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण कायद्यापेक्षा शेजार मोठा.

बार नापास झाला की कान तपासा

सारख्या आवाजात, व्हॉइस मोडवर, समोर बसूनही शब्द कळत नसतील तर दोष टीव्हीत नाही. मग पुढचे पैसे महागड्या बारवर घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कधी नुसता मळ निघतो आणि माणूस हसत घरी येतो. नाहीतर ऑडिओमेट्री होते: शांत खोलीत हेडफोन लावून बारीक-जाड सूर ऐकवतात आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कमी ऐकू येतं त्याचा आलेख काढतात. दुखत नाही, सुई नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, खास वाचा आणि श्रवणासाठी.

आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा दिसला तर गोंगाटाचा दाट संशय घ्यायला जागा असते. डॉक्टरांना नोकरीचा इतिहास सांगा: किती वर्षं, कोणते माग, किती तासांची पाळी. हा "वयाचा दोष" म्हणून गप्प बसायचा विषय नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती, आणि गोंगाटामुळे येणारं बहिरेपण त्या यादीत घेतलेलं होतं. श्रवणयंत्र लागलं तर ते नेमक्या कमी पडणाऱ्या फ्रिक्वेन्सीच वाढवून देतं. कोणताही साउंडबार हे करू शकत नाही, कारण त्याला तुमच्या पप्पांचा आलेख माहीत नाही.

आणि जे अजून मागावर जातात त्यांना पुढच्या वेळी पगाराच्या दिवशी इअरप्लग आणून द्या. बारच्या किमतीपुढे त्याला काहीच पैसे लागत नाहीत. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचेल.

आता आपल्या कानांचं

हे सगळं तुम्ही बहुतेक इअरफोनवर ऐकलंय, म्हणून दोन वाक्यं आपल्याला पण. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास. एसटीच्या किंवा रिक्षाच्या आवाजावर मात करायला आपण गाणं फुल्ल करतो तेव्हा आपणही एक छोटा लूम कानात घालून फिरत असतो.

थोडक्यात हिशेब

आधी सेटिंग आणि खुर्ची. मग पाच हजारांच्या आतला, समोर तोंड असलेला, एआरसी आणि व्हॉइस मोडवाला बार, सबवूफरशिवाय. अडॅप्टरचा गुणाकार करून वॅट तपासा आणि वीस शब्दांची परीक्षा घ्या. पास झाला तर ठेवा. नापास झाला तर परत करा आणि त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरची वेळ घ्या.

वीस शब्दांची परीक्षा घेतलीत तर आकडे मला नक्की पाठवा: टीव्हीवर किती, बारवर किती, लूम चालू होते की बंद. ब्रँड सांगितला नाहीत तरी चालेल. पुढच्या भागात वायफायच्या राउटरकडे वळू या, तोही शोकेसच्या कप्प्यातच कोंबलेला असतो. भेटू!